ॲप्रनच्या खिशातला फोन : रुग्णालयात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

इंटर्नशिपच्या पहिल्या दिवशी तीन गोष्टी हातात पडतात : ड्युटीचा तक्ता, पोस्टिंगची ऑर्डर आणि युनिटच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं आमंत्रण. पहिल्या दोन्हींबद्दल सीनियर काही ना काही सांगतात. तिसऱ्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण फोन काय, सगळ्यांनाच वापरता येतो. खरं तर नोकरी, नोंदणी आणि पेशंटची अब्रू या तिन्हींना धोका या तिसऱ्या गोष्टीतूनच होतो. हा लेख इंटर्न आणि रेसिडेंटसाठी आहे, तसाच जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आणि बीएस्सी नर्सिंगच्या मुलामुलींसाठी, फिजिओ आणि लॅबच्या विद्यार्थ्यांसाठी, कंत्राटावरच्या वॉर्डबॉयसाठी आणि खासगी हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर बसणाऱ्यांसाठीही आहे.

पुढे एक कसोटी वारंवार येईल, ती आधी सांगतो. पोस्ट टाकताना ‘मी नाव लिहिलंय का’ हे विचारू नका. ‘पेशंटच्या मेव्हण्याने हे पाहिलं तर त्याला कळेल का’ हे विचारा. जगाला कळेल की नाही याला फारसा अर्थ नाही. पेशंटला आयुष्य काढायचंय ते त्याच्या गावात, भावकीत आणि सोसायटीत.

पायरी १ : रुजू होण्याआधी फोन आवरा

हे काम अर्ध्या तासाचं आहे, पण ते ड्युटी सुरू झाल्यावर होत नाही.

व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद करा, म्हणजे ग्रुपवर आलेला प्रत्येक एक्स-रे गॅलरीत उतरणार नाही. गुगल फोटोजच्या बॅकअपमधून व्हॉट्सॲपचं फोल्डर काढून टाका. हे न केल्यामुळे घरच्या टीव्हीवर भाच्याच्या बारशाचे फोटो दाखवताना मध्येच डायबेटिक फूट (मधुमेहामुळे चिघळलेला पाय) उगवतो. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा. कँटीनच्या टेबलावर उताणा पडलेला फोन ‘बेड ७ चा एचआयव्ही रिपोर्ट आला’ असं सगळ्या टेबलाला वाचून दाखवतो. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ची यादी उघडा. होस्टेलच्या रूममेटचा लॅपटॉप किंवा लायब्ररीचा संगणक त्यात अजून जोडलेला असेल, तर तो आत्ताच काढा.

इन्स्टाग्राम आणि फेसबुकवरच्या जुन्या पोस्ट एकदा स्वतःच चाळा. अकरावीत टाकलेला जातीवरचा किंवा बायकांवरचा फालतू विनोद डॉक्टर झाल्यावर कुणी तरी शोधून काढतो, आणि तो तुमच्या नावासोबत कॉलेजच्या नावाने फिरतो.

पायरी २ : युनिटचा ग्रुप

‘पेशंटची माहिती व्हॉट्सॲपवर टाकूच नका’ असं सांगणारे बहुधा रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) उभे नसतात. फ्रॅक्चरची फिल्म लेक्चररना दाखवायची आहे, ते घरी आहेत आणि पेशंटला ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) घ्यायचं की नाही हे दहा मिनिटांत ठरवायचं आहे. अशा वेळी फोटो जाणारच. म्हणून तो कसा पाठवायचा हे शिका. रुग्णालयाने स्वतःचं ॲप किंवा संगणकप्रणाली दिली असेल, तर आधी ती वापरा. नसेल तर पुढचं पाळा.

नाव लिहू नका. वॉर्ड, बेड आणि युनिट पुरेसं असतं. फिल्मच्या कोपऱ्यात नाव, वय, नोंदणी क्रमांक आणि तारीख छापलेली असते, तो भाग कॅमेऱ्यातच येणार नाही असा फोटो घ्या. ईसीजीच्या पट्टीवरही वरच्या बाजूला हेच असतं. प्रश्न ज्यांना विचारायचा आहे त्या एकट्यालाच पाठवून भागत असेल, तर चाळीस जणांच्या ग्रुपवर टाकू नका. काम झालं की स्वतःच्या फोनमधून उडवा.

ग्रुपची सदस्ययादी हा दुखरा भाग आहे. पोस्टिंग बदललेले इंटर्न, सोडून गेलेले हाऊस ऑफिसर, कधी काळी इम्प्लांट पोचवायला आलेला कंपनीचा माणूस, असे सगळे वर्षानुवर्षं आत असतात आणि रोज पेशंट बघत असतात. ॲडमिन सीनियर असल्यामुळे बोलायचा संकोच वाटतो. तरी ‘सर, मागच्या बॅचचे नंबर काढू का, यादी करून देतो’ असं विचारलं तर कुणी रागावत नाही. उलट त्यांचं काम वाचतं. तुमचं पोस्टिंग संपलं की तुम्ही स्वतःहून बाहेर पडा.

मेसेज एनक्रिप्टेड असतात म्हणून सुरक्षित, हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. एनक्रिप्शन फक्त वाटेत वाचू देत नाही. दोन्ही टोकांच्या फोनमध्ये काय होतं, कोण स्क्रीनशॉट काढतं, कुणाची धाकटी बहीण फोन हाताळते, यावर त्याचा काही इलाज नाही.

आणि ग्रुपवरची भाषा. ‘बेड ९ ची नौटंकी सुरू’ हे वाक्य रात्री तीनला लिहिताना थकवा बोलत असतो. पुढे त्याच पेशंटचं काही बिघडलं आणि प्रकरण चौकशीला गेलं, तर तेच वाक्य पुरावा म्हणून समोर येतं. ग्रुपवर मिळालेला उपचाराचा आदेश केस पेपरवर वेळ टाकून लिहायला विसरू नका. फोनवर राहिलेला आदेश पुढच्या शिफ्टच्या सिस्टरना दिसत नाही.

पायरी ३ : फोटोत नाव सोडून काय काय असतं

डोळ्यांवर काळी पट्टी मारली की ओळख लपली, असं आपल्याकडे अजून मानतात. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने आपल्या शिफारशींत स्पष्टच लिहिलंय की डोळे झाकणं पुरेसं नाही. ते बरोबरच आहे, कारण मेव्हणा माणसाला डोळ्यांवरून ओळखत नाही. तो चालीवरून, हनुवटीवरून, अंगावरच्या त्याच त्या स्वेटरवरून ओळखतो.

आपल्याकडच्या वॉर्डात आणखी गोष्टी असतात. जुन्या पिढीतल्या बायकांच्या हातावर नाव गोंदलेलं असतं, कधी नवऱ्याचं, कधी भावाचं, कधी स्वतःचं. जखमेचा फोटो मनगटाच्या वर घेतला की ते नाव सरळ वाचता येतं. मंगळसूत्राची घडण, हातातला कडा, पायातली जोडवी, दंडावरचा ताईत हेही बोलतात. मागे बेडवरचा बोर्ड, लॉकरवरची फाईल, खिडकीतून दिसणारी रुग्णालयाची इमारत. व्हिडिओ असेल तर आवाज आणि बोलीसुद्धा.

काही ओळखी फोटोत नसतात, त्या मजकुरात असतात. ‘आज ऊसतोडीला गेलेल्या २२ वर्षांच्या मुलीचा हात यंत्रात’ असं लिहिलंत, तुमच्या प्रोफाइलवर कॉलेजचं नाव आहे आणि पोस्टला तारीख आहे. त्याच दिवशीच्या जिल्हा आवृत्तीत अपघाताची बातमी गावाच्या नावासह छापून आलेली असते. दोन्ही जोडायला मेव्हण्याला एक मिनिटही लागत नाही. पावसाळ्यात घोणस चावून आलेले पेशंट, कधी बाटलीत घालून आणलेला साप, विहिरीत पडलेलं पोर, दुर्मीळ आजाराचा तालुक्यातला एकमेव पेशंट : केस जितकी वेगळी, तितका माणूस उघडा. पोस्ट करायचा मोह नेमका अशाच केसचा होतो, हीच पंचाईत आहे.

तांत्रिक फसगती थोडक्यात. पॉवरपॉइंटमध्ये फोटो ‘क्रॉप’ केला तरी कापलेला भाग फाईलमध्ये शिल्लक असतो. तो वेगळा पर्याय वापरून काढावा लागतो, नाहीतर सेमिनारची फाईल मित्राला दिली की नावासकट फिल्म त्याच्याकडे पोचते. मोबाइलच्या हायलायटरने नावावर काळं फासलं तर उजेड वाढवून ते पुन्हा वाचता येतं, म्हणून ठोस रंगाचा चौकोनच वापरा. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर कुठे आणि किती वाजता काढला ही माहिती त्याच्यासोबत जाऊ शकते.

पायरी ४ : विचारा, आणि नीट विचारा

भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारनियम आजही लागू आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नवे नियम आणले होते आणि त्यांत समाजमाध्यमांवर वेगळा भाग होता. पण २३ ऑगस्टला त्या नियमांना स्थगिती मिळाली आणि जुने पुन्हा लागू झाले. जुन्या नियमांतलं कलम ७.१४ पेशंटचं गुपित फोडायला मनाई करतं. अपवाद तीनच : न्यायालयाचा आदेश, विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका, आणि कळवणं बंधनकारक असलेले आजार. कलम ७.१७ म्हणतं की ओळख पटेल अशा रीतीने फोटो किंवा केस परवानगीशिवाय छापू नये, आणि ओळख उघड होणार नसेल तर संमती लागत नाही.

या शेवटच्या अर्ध्या वाक्यावर बरेच जण निर्धास्त होतात. ते लिहिलं गेलं तेव्हा डोळ्यासमोर छापील नियतकालिकं होती, जी डॉक्टरांच्या टेबलापलीकडे जात नसत. आज ओळख पटते की नाही हे तुम्ही ठरवत नाही, बघणारा ठरवतो. म्हणून माझं मत सरळ आहे : रुग्णालयाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक फोटोला लेखी संमती घ्या, ओळख लपलेली वाटली तरी.

संमती म्हणजे काय हे मात्र सरकारी रुग्णालयात पुन्हा शिकावं लागतं. ‘डॉक्टर, तुम्ही म्हणाल तसं’ ही संमती नव्हे. त्या माणसाला वाटतंय की नाही म्हटलं तर बेड जाईल किंवा ऑपरेशनची तारीख पुढे जाईल. त्यामुळे ऑपरेशनच्या आदल्या रात्री विचारू नका, राऊंडमध्ये दहा जणांसमोर विचारू नका आणि शक्यतो उपचार करणाऱ्यानेच विचारू नये. निवांत वेळी, बसून, त्याच्या भाषेत विचारा. साधारण असं :

‘मावशी, तुमच्या पायाच्या जखमेचा फोटो आम्हाला कॉन्फरन्समध्ये डॉक्टरांना दाखवायचा आहे. तोंड दिसणार नाही, नाव येणार नाही. तरी ओळखीच्या माणसाला कळू शकतं. नाही म्हणालात तरी चालेल, उपचार तेच आणि तसेच होतील. उद्या सांगितलंत तरी चालेल.’

‘उद्या सांगितलंत तरी चालेल’ हे वाक्य गाळू नका. बऱ्याच जणांना घरी विचारायचं असतं, आणि काहींना फक्त नाही म्हणायला थोडा वेळ हवा असतो.

संमती कशासाठी ते स्पष्ट लिहा. वर्गात दाखवायची परवानगी इन्स्टाग्रामला लागू होत नाही. इंटरनेटवर गेलेली गोष्ट पुरती परत घेता येत नाही, हेही सांगा. पेशंट शुद्धीवर आणि सज्ञान असेल तर सही त्याचीच हवी. मुलाने किंवा नवऱ्याने परस्पर केलेली चालत नाही. अंगठा असेल तर साक्षीदार घ्या, आणि तो तुमच्या युनिटमधला नसावा. लहान मुलांच्या बाबतीत पालक सही करतात, पण दहा-बारा वर्षांच्या पोरालाही विचारा. ते मोठं होईल तेव्हा तो फोटो त्याच्या मागे असेल.

पायरी ५ : इथे संमतीचा विचारही करू नका

काही वॉर्डांत आणि काही केसमध्ये फोन खिशातच राहू द्या. मागे स्वतंत्र कायदे उभे आहेत आणि ‘मला माहीत नव्हतं’ याने सुटका होत नाही.

लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये पीडितेचं नाव किंवा ओळख कळेल असं काहीही प्रसिद्ध करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मूल असेल तर पॉक्सो कायद्याचं कलम २३ घर, शाळा, कुटुंब, शेजार असा कुठलाच तपशील उघड करू देत नाही. इथे थोडं थांबतो, कारण या बाबतीत आपल्या व्यवसायातल्या माणसांकडूनच मोठी गफलत झाली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात ड्युटीवरच्या रेसिडेंट डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. देशभरचे रेसिडेंट रस्त्यावर उतरले, आपल्याकडे मार्डने (रेसिडेंट डॉक्टरांच्या संघटनेने) संपही केला. त्या संतापात तिचं नाव आणि फोटो हजारो स्टेटसवर फिरले, हॅशटॅग झाले. ते टाकणाऱ्यांत डॉक्टर आणि विद्यार्थीही होते आणि हेतू न्यायाचाच होता. २० ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने ते नाव, फोटो आणि व्हिडिओ सगळीकडून काढायला सांगितलं. पीडिता हयात नसली तरी तिचं नाव उघड करता येत नाही, हे न्यायालयाने २०१८ मध्येच सांगितलं होतं. मोर्चात जा, काळी फीत लावा, मागण्या लिहा. नाव मात्र लिहू नका.

एचआयव्हीबाबत २०१७ चा कायदा आहे : विश्वासाच्या नात्यातून कळलेली एचआयव्हीची स्थिती त्या माणसाच्या समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय सांगता येत नाही. वॉर्डातल्या बेडवर खूण करणंही बंद करा, फोटोत ती खूणसुद्धा येते. २०१७ च्याच मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे आणि डिजिटल स्वरूपात साठवलेल्या माहितीलाही तो लागू होतो. गर्भपात करून घेतलेल्या बाईचं नाव आणि तपशील उघड केला, तर २०२१ च्या दुरुस्तीनुसार एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. लेबर रूममध्ये संमतीशिवाय अंगाचा खासगी भाग कॅमेऱ्यात घेणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ई कलमाखाली गुन्हा आहे, तो फोटो कुणाला पाठवला नाही तरीही.

सोनोग्राफीच्या पडद्याचा फोटो टाकून ‘पेढे की जिलेबी?’ असा विनोद काही जण करतात. गर्भलिंगनिदानविरोधी कायदा इंटरनेटवरच्या जाहिरातीलाही लागू आहे, आणि महाराष्ट्रात या विषयावर विनोद समजून घ्यायच्या मनःस्थितीत कुणीही नाही. नसावंही.

पायरी ६ : शवविच्छेदन आणि डिसेक्शन हॉल

हे पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी. टेबलावरचं शरीर बऱ्याचदा देहदानातून आलेलं असतं. त्या माणसाने जिवंतपणी फॉर्म भरला, आणि नातेवाइकांनी अंत्यविधी न करता देह कॉलेजच्या दारात आणून दिला. पुढे त्या घरातला कुणी तरी कॉलेजचं पान सहज बघतो. ॲप्रन घालून, मागे टेबल ठेवून काढलेला सेल्फी त्याला दिसला तर पुढच्या पिढीतला फॉर्म कुणी भरणार नाही. हॉलच्या दाराबाहेर, कोऱ्या भिंतीसमोर हवे तितके फोटो काढा.

शवागारातला फोटो तर पोलिसांच्या तपासाचाही भाग असतो. तो कॅमेरा तुमचा नव्हे.

पायरी ७ : स्टेटस

स्टेटस फक्त ‘आपल्याच माणसांना’ दिसतं, असं वाटतं. आता ‘आपली माणसं’ कोण, ते मोजा. रक्ताची पिशवी आणायला सांगायची म्हणून तुम्ही ‘बेड १२ रिलेटिव्ह’ नावाने नंबर सेव्ह केलेला असतो. त्यांनी तुमचा ‘डॉक्टर मॅडम वॉर्ड ५’ म्हणून केलेला असतो. दोघांकडे एकमेकांचा नंबर आहे, म्हणजे तुमचं स्टेटस त्यांना दिसतं. संध्याकाळी त्यांची आई गेली आणि रात्री साडेदहाला तुम्ही ड्युटी रूममधल्या वाढदिवसाच्या केकचा फोटो ‘चिल नाइट’ असं लिहून टाकला. केक कापण्यात गैर काहीच नाही. छत्तीस तास उभ्या असलेल्या माणसाने केक खावा. पण त्या मुलाला तुमचे छत्तीस तास माहीत नाहीत, त्याला केक आणि वेळ एवढंच दिसतं. वॉर्डात येऊन तो काय करेल हे सांगायला नको.

उपाय सोपे आहेत. नातेवाइकांशी बोलायला वॉर्डाचा फोन वापरा. आपलाच फोन वापरावा लागला तर नंबर सेव्ह करू नका, किंवा स्टेटसच्या सेटिंगमध्ये ते नंबर वगळा. ड्युटीच्या वेळेत ड्युटीबद्दल काही टाकूच नये, हा नियम मी नव्या मुलांना सांगतो. त्यावर ते डोळे फिरवतात, तरी सांगतो.

पेशंटची किंवा नातेवाइकांची फ्रेंड रिक्वेस्ट आली तर स्वीकारू नका. लोक सहसा प्रेमानेच पाठवतात. ‘काका, कामाचं काही असलं तर ओपीडीला या’ असं सांगितलं की त्यांना वाईट वाटत नाही.

पायरी ८ : रील

फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटकात दोन घटना पाठोपाठ घडल्या. चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात कंत्राटी डॉक्टरने ऑपरेशन थिएटरमध्ये खोट्या शस्त्रक्रियेसह लग्नाआधीचं फोटोशूट केलं आणि त्याची नोकरी गेली. गदगच्या वैद्यकीय संस्थेत रुग्णालयाच्या आवारात रील केल्याबद्दल ३८ विद्यार्थ्यांचं प्रशिक्षण १० दिवसांनी वाढवण्यात आलं. दोन्हीकडे एकाही पेशंटचं नाव उघड झालं नव्हतं. म्हणजे गोपनीयता सांभाळली की सगळं सांभाळलं, असंही नाही. रुग्णालयाची जागा आणि ओटीची साधनं तुमच्या करमणुकीसाठी नाहीत, इतका साधा मुद्दा होता.

महाराष्ट्रात सरकारी सेवेत असलेल्यांसाठी, कंत्राटी धरून, जुलै २०२५ चा समाजमाध्यमांविषयीचा शासन निर्णय वाचून ठेवा. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, गोपनीय कागद परवानगीशिवाय टाकू नका, गणवेश, सरकारी वाहन आणि इमारत रीलमध्ये वापरू नका, सरकारच्या धोरणांवर टीका करू नका, असं त्यात आहे. शेवटच्या मुद्द्यावर माझे मतभेद आहेत. पण शिस्तभंगाची नोटीस तुमच्या नावाने येते, म्हणून माहीत असलेलं बरं.

आरोग्याची माहिती देणारे व्हिडिओ जरूर करा. मराठीत चांगल्या माहितीचा तुटवडा आहे आणि ती जागा भोंदू भरून काढतात. मात्र जे आहात तेच लिहा. इंटर्न असाल तर इंटर्न, नर्सिंग तिसऱ्या वर्षाला असाल तर तसं. ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२३ मध्ये आरोग्यविषयक इन्फ्लुएन्सरसाठी सूचना काढल्या आहेत : पात्रता सांगा, आणि पैसे किंवा वस्तू घेऊन शिफारस करत असाल तर तेही सांगा. डॉक्टरांनी औषध कंपनीकडून काही घेऊन शिफारस करणं आचारनियमांत बसतच नाही. बऱ्या झालेल्या पेशंटला कॅमेऱ्यासमोर बसवून ‘सरांमुळे चालायला लागलो’ असं म्हणवून घेऊ नका. स्थगित झालेल्या २०२३ च्या नियमांत हे स्पष्ट नको म्हटलं होतं, आणि जाहिरातबंदीच्या जुन्या नियमातही ते अडकतं.

पायरी ९ : ‘जरा हा रिपोर्ट बघ ना’

एमबीबीएसला प्रवेश मिळाल्याच्या दिवसापासून घरच्या ग्रुपवर तुम्ही डॉक्टर असता. काका सगळ्यांसमोर शुगरचा रिपोर्ट टाकतात, आत्या काढ्याचा फॉरवर्ड टाकून ‘खरं का रे?’ विचारते. रिपोर्टला ग्रुपवर उत्तर देऊ नका. वेगळा फोन करा आणि कुणाकडे जायचं ते सांगा. इंटर्नकडे कायम नोंदणी नसते, त्यामुळे मार्च २०२० ची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं तुम्हाला व्हॉट्सॲपवर औषध लिहून द्यायची मुभा देत नाहीत. नोंदणीकृत डॉक्टरलाही पेशंटची ओळख पटवणं, नोंद ठेवणं आणि नोंदणी क्रमांक लिहिणं बंधनकारक आहे.

आत्याच्या फॉरवर्डला मात्र उत्तर द्या, आणि न चिडता. ‘आत्या, काढा घे, पण बीपीची गोळी बंद करू नकोस’ एवढं पुरतं. मोठ्यांना चारचौघांत खोटं पाडलं की ते पुढचा फॉरवर्ड तुम्हाला न विचारता पाठवतात.

पायरी १० : तक्रार कुठे करायची

होस्टेलचं छत गळतंय, विद्यावेतन थकलंय, ग्लोव्हज नाहीत. हे बोलायलाच हवं, फक्त क्रम पाळा. आधी लेखी अर्ज अधीक्षक किंवा अधिष्ठात्यांकडे, आवक क्रमांकासह. मग मार्ड किंवा विद्यार्थी प्रतिनिधी. त्यानंतर बाहेर बोलायची वेळ आलीच, तर संघटनेच्या नावाने बोला आणि फोटोत गळतं छत दाखवा, त्याखालचा पेशंट नको. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. ज्युनियरना ग्रुपवर रात्रभर हजेरी लावायला लावणं हेही रॅगिंगच आहे, मेसेज जपून ठेवा.

गुगलवर कुणी रुग्णालयाला शिव्या घातल्या तर उत्तर तुम्ही देऊ नका. ‘तुम्ही बिल भरलं नव्हतं’ असं लिहिलं की तो माणूस तुमचा पेशंट होता, हे तुम्हीच जाहीर केलेलं असतं.

पायरी ११ : समोरचाच शूटिंग करत असेल

कॅज्युअल्टीत नातेवाईक फोन काढून लाइव्ह जातात. फोन हिसकावू नका. पुढे फक्त तो हिसकावण्याचा तुकडा फिरतो, आधीची वीस मिनिटं कुणी बघत नाही. आवाज खाली ठेवा आणि ‘इथे बाकीचेही पेशंट आहेत, त्यांचा व्हिडिओ जातोय, आपण बाहेर बोलू’ एवढंच म्हणा. सुरक्षारक्षकाला आणि सीनियरना बोलवा, केस पेपरवर वेळ आणि काय घडलं ते लिहा. धमकी किंवा मारहाण झाली तर महाराष्ट्राचा २०१० चा वैद्यकीय सेवा संरक्षण कायदा आहे, तक्रार संस्थेमार्फत करायला लावा. त्या रात्री स्वतःच्या खात्यावरून ‘खरी हकीकत’ लिहू नका. ती लिहिताना पेशंटचा आजार आलाच.

पायरी १२ : चुकीचं काही गेलंच तर

चुकीच्या ग्रुपवर फोटो गेला, किंवा टाकल्यावर लक्षात आलं. आधी स्वतःसाठी स्क्रीनशॉट घ्या, म्हणजे नेमकं काय गेलं ते नंतर सांगता येईल. मग ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करा. त्याला वेळेची मर्यादा असते, म्हणून रेंगाळू नका. ‘डिलीट फॉर मी’ चुकून दाबलं तर लगेच येणारा ‘अनडू’ दाबा. ज्यांनी पाहिलं त्यांना एकेकट्याला फोन करून त्यांच्या फोनमधून काढायला सांगा. ग्रुपवर ‘कृपया दुर्लक्ष करा’ लिहिलं की उरलेले तीस जण मुद्दाम उघडून बघतात.

त्यानंतर, त्याच दिवशी, युनिटच्या प्रमुखांना किंवा इनचार्ज सिस्टरना सांगा. गुपचूप पुसून गप्प बसण्याचा मोह जबरदस्त असतो, पण दुसऱ्या कुणाकडून कळलं तर प्रकरण नुसत्या चुकीपुरतं राहत नाही, लपवण्याचं होतं. पेशंटला काय आणि कुणी सांगायचं ते वरिष्ठांसोबत ठरवा, आणि शक्य असेल तर सांगताना तुम्ही तिथे उभे राहा. कुणी तो फोटो वापरून धमकावत असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा, पैसे मागून घेतले असतील तर १९३० ला फोन लावा. घडलेलं सगळं तारीख-वेळेसह कागदावर लिहून, सही करून एक प्रत स्वतःकडे ठेवा. विभागाची चौकशी महिन्याभराने बसते, आणि तोवर कुणाला काय आधी सांगितलं याचा क्रम आठवत नाही.